सासऱ्यांच्या संगणकातला सेल

सासऱ्यांच्या संगणकाची बॅटरी बदलायला माझ्या अंदाजाने पाऊण तास लागणार होता. त्यातली दहा मिनिटं मी स्क्रू-ड्रायव्हर शोधण्यासाठी राखून ठेवली होती. प्रत्यक्षात एकोणीस दिवस लागले. तेवढ्या काळात मी कस्टमच्या दफ्तरी संशयित आयातदार ठरलो, चौकातल्या कॉफीच्या दुकानात माझं नाव 'व्हिनेगरवाला' पडलं, आणि जिच्याशी मी सहा वर्षं जिन्यात बोलत नव्हतो त्या बाईच्या हुकमावरून हात न हलवता बसायची वेळ माझ्यावर आली. मी, देल्फिनो बाराले, छत्तीस वर्षं जमीन-नोंदणी कचेरीत काढलेला माणूस आहे. क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा क्रमाने सांगतो.

सासरे सेकोंदो वालिनो गेल्या नोव्हेंबरात वारले. त्र्याण्णव वर्षांचे होते, त्यामुळे कुणी आश्चर्य दाखवलं नाही. ते स्वतः असते तर त्यांनीही दाखवलं नसतं. आमच्या इव्रेआ गावात कारखाना म्हटलं की एकच, टाइपरायटर आणि संगणकांचा. त्याच्या चाचणी विभागात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि पंच्याऐंशी साली तिथून निवृत्त होताना कारखान्यात बनलेला एक संगणक घरी आणला. मांडीवर मावणारा, जाड वहीएवढा; वर आठ ओळींचा राखाडी पडदा, खाली कळा. त्या काळी गावोगाव फिरणारे वार्ताहर असलं यंत्र बाळगत. सासरे कुठेही फिरत नव्हते. रोज संध्याकाळी जेवणाआधी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उघडत, एका बोटाने काहीतरी टपटपवत आणि मिटून टाकत. अडतीस वर्षं हा नेम चुकला नाही. काय लिहिता, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. 'थोडं,' असं म्हणाले आणि सूप ओरपायला लागले. तीस वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातही बरंचसं हवामान.

फेब्रुवारीत माझ्या बायकोने, ऑर्नेलाने, तो संगणक कपाटातून काढला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिने तो टॉवेलात गुंडाळून परत ठेवला आणि कांदे चिरायला घेतले. ऑर्नेला भांडली तर मला काही वाटत नाही, ती न भांडता कांदे चिरायला लागली की मी काळजीत पडतो. पुढच्या महिन्यात तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती. मी मनाशी ठरवलं की यंत्र चालू करून तिच्यापुढे ठेवायचं आणि 'त्यात काय एवढं' असं म्हणायचं. हे वाक्य मला लग्नानंतर एकदाही म्हणायला मिळालेलं नव्हतं.

आधी मी खालच्या खणातले चार पेन्सिल सेल बदलले. ढिम्म. मग पाठ उघडली. चार स्क्रू शहाण्यासारखे निघाले. पाचवा निघाला आणि भांड्यांच्या कपाटाखाली गेला, तो अजून तिथेच आहे. आत हिरव्या बोर्डावर हेझलनटएवढा एक निळा सेल कथलाचा डाक देऊन पक्का बसवलेला होता. त्याच्या बुडातून जुन्या चीजला फुटते तशी हिरवट-पांढरी बुरशी फुटून बोर्डावर पसरली होती. चाळीस वर्षांत कुठलाही सेल पाझरतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण मला आत बघून क्षणभर परक्याच्या पोटात डोकावल्यासारखं झालं, आणि मी झाकण परत ठेवलं.

आता हा प्रश्न घेऊन चौकात जायला नको होतं. बाकीच्या गावांत चार म्हातारे जमले की फुटबॉलवर बोलतात. आमच्याकडे ते कारखान्यावर बोलतात, आणि प्रत्येकाने त्यातली एकेकच गोष्ट केलेली असते. मी बाजाराच्या पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं तेव्हा तिथे बसलेल्यांपैकी एकाने आयुष्यभर फक्त कळा बसवल्या होत्या, दुसऱ्याने त्या कळांखालच्या स्प्रिंगा, आणि तिसरा पॅकिंगमध्ये होता. कळावाल्याने सगळ्या कळा एकदा दाबून पाहिल्या आणि यंत्र उत्तम आहे असा निर्वाळा दिला. स्प्रिंगवाल्याने त्याला सांगितलं की ते स्प्रिंगांमुळे. पॅकिंगवाल्याने मूळ खोकं कुठे आहे असं विचारलं. ते नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासऱ्यांना शवपेटीशिवाय पुरलं आहे.

खरं ते बोलला जाकिनो. हा आमच्या तळमजल्यावर राहणारा, कारखान्यातला निवृत्त हिशेबनीस, म्हणजे यंत्राला कधी हात न लावलेला एकुलता एक माणूस. त्याने विचारलं, की सेकोंदो लिहायचे ते कुठे आहे. मी म्हटलं, आत. तो म्हणाला, आत म्हणजे कागदावर का? तबकडीवर का? मग त्याने मला समजावलं. या जातीच्या यंत्रात लिहिलेलं कशावरच उमटत नाही. वीज असते तोवर ते असतं. बाहेरचे चार सेल संपले, तर ते बदलेपर्यंत आतला हा छोटा सेल सगळं धरून ठेवतो. हा काढलास की झालं.

"झालं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुझे सासरे दुसऱ्यांदा वारले."

तो घरी जाऊन व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आला. काळ्या आणि लाल तारांची टोकं त्याने त्या बुरसटलेल्या सेलच्या दोन पायांना टेकवली. आकडा हलला, थरथरला आणि थांबला: तीन पूर्णांक एक. पूर्ण तब्येतीत तो तीन पूर्णांक सहा असतो म्हणे. सासरे जाऊन तीन महिने झाले होते. ज्या हातांनी ते लिहिलं ते मातीत होते, आणि लिहिलेलं मात्र या बाजाराच्या पिशवीत, एका कुजलेल्या हेझलनटच्या आधाराने, अजून जागं होतं. पॅकिंगवाल्याने हळूच आपला मफलर काढून यंत्राखाली घातला.

एवढं ऐकूनही ही कामगिरी मीच पार पाडणार असं मी ठरवलं, याला माझ्या आईने हट्टीपणा म्हटलं असतं. पहिली पायरी, बुरशी साफ करणं. त्यासाठी व्हिनेगर लावावं यावर चौकात एकमत झालं होतं, आणि आमच्या चौकातलं ते पहिलंच एकमत असल्यामुळे मी ते मानलं. घरात पांढरं व्हिनेगर संपलेलं होतं. मोदेनाचं काळं व्हिनेगर होतं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. व्हिनेगर ते व्हिनेगर, असा विचार करून मी कापसाने ते सढळ हाताने लावलं. ते पाकासारखं गोड आणि चिकट असतं हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं मी ते खात आलो आहे. पण ज्ञान आणि हात यांची भेट वेळेवर होत नाही. सकाळपर्यंत बोर्डावर तपकिरी साय धरली आणि दोन मुंग्या सासऱ्यांच्या स्मृतीभोवती फिरत होत्या. जाकिनोला मी हे विश्वासात घेऊन सांगितलं, आणि त्याने ते चौकाला विश्वासात घेऊन सांगितलं.

दुसरी पायरी, नवा सेल. तो इंग्लंडात एका जुन्या यंत्रांच्या दुकानात मिळाला. मी मागवला, आणि आठ दिवसांनी सेलऐवजी कस्टमचं पत्र आलं. वस्तू ज्या यंत्रात बसवायची त्याची खरेदीची पावती जोडावी. मी कळवलं की यंत्र पंच्याऐंशी सालचं असून मालक मयत आहेत. उलट टपाली आलं की तसं असल्यास मयत मालकाची आयातीस लेखी संमती जोडावी. मी ते पत्र दोनदा वाचलं. मला राग यायला हवा होता, पण त्याची भाषा इतकी ओळखीची होती की मी खुर्चीत बसलो. हे वाक्य मी लिहिलेलं होतं. याच शब्दांत नसेल, पण छत्तीस वर्षांत हद्दीच्या भांडणात किती विधवांना मी त्यांच्या नवऱ्यांची संमती मागितली असेल, याचा त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला आणि जेवणावरची वासना गेली.

मी पलंगाखाली दडवलेलं यंत्र त्याच दुपारी ऑर्नेलाने पाहिलं. झाकण उघडलं, वास घेतला.

"बाबांवर व्हिनेगर ओतलंस?" तिने विचारलं.

मी सगळं कबूल केलं. तीन पूर्णांक एकचं सांगितलं, दुसऱ्यांदा वारण्याचं सांगितलं, मुंग्या वगळल्या. ती रागावली नाही. टेबलाशी बसली आणि बोट न लावता त्या निळ्या सेलकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं होतं की मी तिला एक बंद पडलेली वस्तू दुरुस्त करून देतो आहे. तिला आत्ता कळत होतं की ती वस्तू बंद पडलेलीच नाही. मग तिने अंगावर शाल घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर निघाली.

तिसऱ्या मजल्यावर सिन्योरा आल्बिना पेरोनो राहतात. वय चौऱ्याऐंशी. जिन्याखाली मी सायकल लावतो यावरून त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकाला सात पत्रं लिहिली आहेत, मी सहा उत्तरं दिली आहेत. सातवं उत्तर तयार आहे. तिच्याकडे कशाला, असं मी विचारलं. ऑर्नेला दारातून म्हणाली, "त्या कारखान्यात सत्तावीस वर्षं सोल्डरिंगला होत्या. तुला कसं माहीत असणार? तुझी त्यांची ओळख सायकलीपुरती."

सिन्योरा आल्या त्या एप्रन बांधून. सोल्डरिंग आयर्न एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं, गळ्यात भिंग. मी नमस्कार केला, त्यांनी मानेने घेतला. ऑर्नेलाने कॉफी दिली. त्यांच्या हातात कपबशी अशी खणखणायला लागली की मी ऑर्नेलाकडे पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं. कॉफी घेताना हात कापतात, म्हणाल्या, कॉफीला घाई नसते. मग भिंग लावून वाकल्या.

"हा डाक बाईच्या हातचा आहे," त्या म्हणाल्या. कशावरून, मी विचारलं. पुरुष कथील जास्त घालायचे, त्यांनी सांगितलं, आपण काही केलं आहे हे दिसावं म्हणून. तुमच्याच हातचा असेल का, असं ऑर्नेलाने विचारलं, तर त्या म्हणाल्या की असेलही. बावीस जणी होत्या, आणि दिवसाला प्रत्येकीच्या हातून किती बोर्ड जात ते आता आठवत नाही. मग त्यांनी नाक आक्रसलं आणि हे सॅलड कुणी घातलं असं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ब्रशने आणि स्पिरिटने त्यांनी माझं सगळं कर्तृत्व पुसून काढलं. खाली तांब्याची एक बारीक वाट, केसाएवढी, सेलच्या पाण्याने खाल्लेली निघाली. यंत्र सुरू होत नव्हतं ते तेवढ्याने. नवा सेल कस्टममध्ये अडकला आहे हे ऐकून त्यांनी मला वर पाठवलं, आपल्या गॅलरीतल्या जिरॅनियमच्या कुंड्यांत उन्हावर चालणारे दिवे आहेत, त्यातले तीन आणायला. त्या दिव्यांच्या पोटात पुन्हा भरता येणारा एकेक सेल असतो. तीन एकापुढे एक जोडले की तीन पूर्णांक सहा. मला हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

पुढची योजना त्यांनी एका वाक्यात सांगितली. "नवा भाडेकरू आत आल्याशिवाय जुन्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही." म्हणजे जुना सेल जागेवर असतानाच त्याच्या पायांना नव्यांच्या तारा जोडायच्या, आणि मगच जुना कापायचा. मधे पापणी लवण्याएवढीही वीज तुटता कामा नये. तारा धरायला दोन स्थिर हात लागणार होते. ऑर्नेला नको म्हणाली, तिचे वडील होते आत. राहिलो मी.

मी तारा धरल्या. आयर्न तापलं, रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर निघाला, आणि मी पाहिलं की सिन्योरांचा हात त्या धुरात शिरताना थांबला. थांबला म्हणजे त्याची थरथर थांबली; दगडावर ठेवल्यासारखा तो हवेत उभा राहिला. पहिला पाय जोडला गेला. आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला.

वाजू दे, मी म्हटलं. तो वाजत राहिला, थांबला, परत वाजला, आणि त्याच्या थरथरीने माझी मांडी, आणि मांडीमागून कोपर हलायला लागलं. ऑर्नेलाने तो काढून माझ्या कानाला लावला. कस्टमच्या बाई होत्या, अत्यंत सौजन्याने बोलणाऱ्या. प्रस्तुत यंत्र सध्या वापरात आहे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की या क्षणी ते माझ्या हातात आहे. मालकाच्या संमतीचं काय झालं? मी म्हटलं, त्याच कामात आहोत.

सिन्योरांनी भिंगावरून नजर न उचलता सांगितलं, "पार्सल परत पाठवा म्हणावं. आणि बोलताना हात हलवू नका, बाराले."

आमच्याकडच्या माणसाला हात न हलवता फोनवर बोलायला सांगणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्याच माणसाला कळेल. माझे शब्द ओठांपाशी येऊन परत जायला लागले. पार्सल परत पाठवा, हे तीन शब्द मी एखाद्या आजाऱ्यासारखे एकेक करून बाहेर काढले. बाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्या बोलत असतानाच दुसरा पाय जोडला गेला, कातर वाजली, आणि तो निळा सेल, अडतीस वर्षांचं ओझं वाहून, टक्क करून बशीत पडला. जाकिनोकडून आणलेल्या मीटरचा आकडा हलला नाही.

मग खाल्लेल्या वाटेवर त्यांनी तारेचा एक तंतू आडवा घातला, दोन थेंब कथलाचे. तीन सेल काही आत मावेनात. ते पाठीवर चिकटपट्टीने बांधले, तेव्हा यंत्राला कुबड आलं. बटण कोण दाबणार यावर थोडा वेळ गेला. ऑर्नेला म्हणाली, तुम्ही दाबा. सिन्योरांनी एप्रनला बोट पुसलं.

"आमच्याकडून बोर्ड पुढे जायचे," त्या म्हणाल्या. "सुरू झालेलं मी एकही पाहिलं नाही."

त्यांनी दाबलं. पडदा आधी नुसता राखाडी झाला. मग त्या राखाडीतून, धुक्यातून माणसं यावीत तशी, अक्षरं आली. सिन्योरा खुर्चीत मागे टेकल्या आणि दोन्ही हात मांडीत ठेवून बघत राहिल्या. मीही बघत होतो. माझा फोन याच्यापेक्षा हजारपट हुशार आहे आणि त्याच्याकडे मी असं कधी पाहिलेलं नाही.

आत एकच फाईल होती, नाव 'दिवस'. शेजारच्या कोपऱ्यात एक आकडा: अकरा. तो काय असं ऑर्नेलाने विचारलं. मी एकोणीस दिवसांत एवढं तरी वाचलं होतं. म्हटलं, आतली उरलेली जागा. अजून अकरा अक्षरं मावतील, मग भरलं. सगळं मिळून ते यंत्र दहा-बारा पानांहून जास्त धरू शकत नाही. आमची मुलगी मांजराचा एक फोटो पाठवते, त्यात असली दोनशे यंत्रं बुडतील.

"रोज लिहायचे ते," ऑर्नेला म्हणाली. "अडतीस वर्षं. दहा पानांत कसं मावलं?"

वाचायला लागलो तसं कळलं. तारखा सलग नव्हत्या. पंच्याऐंशीतला एक दिवस, मग एकदम सत्त्याऐंशी. जागा संपली की सासरे जुनं काहीतरी पुसत आणि नवं लिहीत. म्हणजे समोर होतं ते, तेरा-चौदा हजार दिवसांतून दर वेळी परत वाचून, 'हा राहू दे' असं म्हणून त्यांनी ठेवलेलं.

'यंत्र घरी आणलं. लिदिया विचारते कशाला. माहीत नाही.' लिदिया म्हणजे सासूबाई. 'ऑर्नेला घरात हसली. कशाला ते समजलं नाही.' 'दोरा नदी दुथडी. पुलावर उभे राहिलो, दोघं, छत्री एक.' आणि बऱ्याच पुढे, सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं: 'लिदियाने मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली. ओ दिली.'

ऑर्नेला इथे उठली, नळाचं पाणी प्यायली, परत येऊन बसली. आमचं लग्न त्यात नव्हतं. आमच्या मुलीचा जन्मही नव्हता. ती ते शोधत होती हे मला कळत होतं, आणि तिचा चेहरा उतरायला लागला होता. सिन्योरा म्हणाल्या, "लग्नाचे फोटो आहेत ना घरात? मग त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली." एवढंच म्हणाल्या आणि पुढची ओळ आणायला कळ दाबली.

पुढची ओळ शहाण्णव सालची होती. 'जावयाने नळ दुरुस्त केला. गळतोच. सबंध रविवार खपला. हाताला गुण नाही. माणूस बरा.'

कुणी हसलं नाही, याबद्दल मी दोघींचा ऋणी आहे. पहिल्या क्षणी मला ते लागलं, कारण नळ गळत होता तो वायसर जुना असल्यामुळे, आणि तसं मी तेव्हाच सांगितलं होतं. मग मनात आलं, सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं जागा अपुरी पडत होती, दर वेळी ते वरून खाली वाचत या ओळीपाशी येत होते, आणि दर वेळी हिला वगळून दुसरंच काहीतरी पुसत होते. मला खोकला आला, तो मी बराच वेळ खोकलो.

शेवटची ओळ नऊ नोव्हेंबरची. 'सेल बदलले. ऑर्नेला रविवारी येईल.' त्याखाली नव्या ओळीच्या सुरुवातीला एक काळा चौकोन लुकलुकत होता. तो तेव्हापासून तिथेच थांबलेला होता.

ऑर्नेलाने यंत्र आपल्याकडे ओढून घेतलं. अकरा अक्षरं, ती म्हणाली. मी सुचवलं की माझी नळाची ओळ पुसली तर ऐसपैस जागा होईल. तिने माझ्याकडे न बघता नाही म्हटलं. बोटांवर मोजत तिने दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली; एक लांब झालं, एक नुसतंच गोड झालं. मग तिने वडिलांसारखं एक बोट पुढे काढलं आणि सावकाश टपटपवलं: ओज्जी सेरेनो. आज निरभ्र. आमच्या रोमन लिपीत, मधली मोकळी जागा धरून, बरोबर अकरा.

कोपऱ्यात शून्य आलं. बाहेर फेब्रुवारीचं धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराच्या खिडक्याही दिसत नव्हत्या. आम्हा तिघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.